बापूचे दोन शॉट

“बापू, वेज.”

बापूनं वेज दिली. पातं टॉवेलनं पुसून, मूठ माझ्या बाजूला करून, चाळीस वर्षं साहेबलोकांना देत आला तशीच. चार दिवसांत आम्हा बापलेकांत झालेलं सगळं बोलणं एवढंच. मी क्लबचं, म्हणजे ज्या काठीनं मारायचं तिचं, नाव घ्यायचो आणि तो द्यायचा.

गोल्फच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस, अकरावा होल. माझा चेंडू हिरवळीच्या कडेबाहेर आठ पावलांवर, छान सपाट गवतात बसलेला. तिथून तो हलकेच हिरवळीवर टाकायचा आणि झेंड्यापर्यंत घसरू द्यायचा, बस. याला चिप म्हणतात. बाराव्या वर्षी असली चिप मी पैज लावून एका हातानं मारायचो. त्या दिवशी मी सव्वीस वर्षांचा घोडा. पाय रोवून उभा राहिलो, क्लब मागं नेला आणि खाली येताना उजव्या मनगटानं झटका दिला. खरं तर मी दिला नाही, त्याचं त्यानंच दिला. पातं चेंडूच्या मागं जमिनीत रुतलं आणि चेंडू दोन पावलं लडबडत जाऊन थांबला.

“आयला!” मी म्हणालो.

बापू पलीकडच्या बाभळीकडं बघत होता. बाभळीला जन्मात पहिल्यांदाच शेंगा लागल्यात असा.

बोलायचं नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. आता तक्रार कुणाकडं करणार?

आमचं गाव नाशिकच्या पुढं. गावाच्या कडेला इंग्रजांच्या वेळचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. पाण्याची बोंब, म्हणून तिथं हिरवळीच्या जागी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे मोठे गोल होते. सगळे त्याला ब्राऊन म्हणायचे. मेंबर खेळून पुढं गेले की त्यांची बॅग वाहणाऱ्या कॅडीनं खराटा घेऊन ब्राऊन झाडायचा आणि पुन्हा गुळगुळीत करायचा. माझा बाप, पुंजाराम साळवे, अख्ख्या मैदानाचा पुंजाबापू, तिथला सगळ्यात जुना कॅडी. शाळा चौथीपर्यंत, पण खेळाचे नियम तोंडपाठ. मेंबरांची जुंपली की कुणीतरी म्हणायचंच, “पुस्तक राहू द्या, पुंजाबापूला विचारा.”

आणि बापूचा स्वतःचाही एक नियम होता. कॅडींच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की तो त्याला समोर बसवून सांगायचा, “विचारलं तर सांगायचं. नाय विचारलं तर बॅग उचलायची. विचारल्याबिगर सांगणारा कॅडी अन् बोलावल्याबिगर जेवायला येणारा पाहुणा, दोघं एकाच लायकीचे.”

मी त्याच शेडमध्ये वाढलो. मीही कॅडी, बिल्ला नंबर चौदा. मेंबरांच्या मोडक्या क्लबांनी खेळायला शिकलो आणि बरा खेळायला लागलो. व्यावसायिक खेळाडूचं कार्ड देणारी स्पर्धा वर्षातून एकदा व्हायची. चार दिवस खेळायचं, पहिल्या तिसांत आलेल्यांना कार्ड. कार्ड असलं की स्पर्धा खेळता येतात, चारचौघांना शिकवता येतं, क्लबात पुढच्या दारानं शिरता येतं. पण आमच्या शेडची रीत मोठी कडक. कार्डाला जाणाऱ्या कॅडीनं आपला बिल्ला परत करायचा. नापास होऊन आला तर बिल्ला नवा आणि कामाच्या रांगेत जागा शेवटची, काल आलेल्या पोरांच्याही मागं. मागं दोघं असे गेले होते. एक नापास होऊन रांगेत उभा राहिला, तर पोरं त्याला ‘प्रोसाहेब, सरका जरा’ म्हणायची. दुसरा परत आलाच नाही, भिवंडीला गेला म्हणतात.

त्या वर्षी एक मेंबर मला पुण्याच्या एका कोचकडं घेऊन गेले. माणूस खरंच हुशार. त्यानं माझा स्विंग, क्लब फिरवायची ढब, कॅमेऱ्यात धरून मला दाखवला आणि सांगितलं, तुझं मनगट फार लवकर सुटतं. तीन महिने त्यानं माझ्याकडून घासून घेतलं. मनगट मागं मोडायचं, खाली येताना रोखून धरायचं, ऐन चेंडूवर सोडायचं. माझा लांबचा शॉट वीस यार्डांनी वाढला! मी हवेत. मग मी तेच मनगट चिपमध्येही घातलं. कोचनं तसं सांगितलं नव्हतं हो, हा शहाणपणा माझा. जे दोनशे यार्डांना चालतं ते वीस पावलांना का नाही चालणार, असा माझा हिशेब.

कोच एकदा आमचं मैदान बघायला आला, तेव्हा मी त्याच्यासमोर चिप मारत होतो. दोन मेंबरही उभे होते. मागून बापू हळूच म्हणाला, “दिगा, चिपला मनगट नको रं.”

मला काय झालं कोण जाणे. चार मोठ्या माणसांत बाप ‘दिगा’ म्हणाला, याचीच लाज वाटली असेल. मी वळलो आणि म्हणालो, “बापू, तू बॅग उचल. विचारलं तर बोल.”

मेंबर हसले. कोचही हसला. बापू हसला नाही, चिडलाही नाही. “बरं,” म्हणाला.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण त्याचाच नियम त्याच्याच पोरानं त्याला चारचौघांत सुनावला होता. तो कसा विसरेल? घरी जेवण, पाणी, बाजार, सगळं बोलायचा. मैदानात पाय टाकला की मुका. चार महिने असे गेले आणि चिपा बिघडत बिघडत इथवर आल्या. मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे थुंकलेलं गिळायचं. जीभच वळत नव्हती.

स्पर्धा नागपूरजवळच्या मैदानावर होती. शेवटच्या दिवशी आमच्या गटात आम्ही तिघं होतो. एक पुण्याचा ऋत्विक लिमये, उंच, सभ्य, प्रत्येक शॉटआधी हातमोजा काढून पुन्हा घालणारा. माझे शॉट लिहायचं स्कोअरकार्ड त्याच्याकडं होतं. दुसरा तिथलाच प्रफुल्ल नखाते, गोल चेहऱ्याचा, बोलका. त्याच्याकडं कॅडी नव्हता, हातगाडीवर बॅग ओढायचा. त्याचं कार्ड मी लिहीत होतो.

“माह्यं त काही राह्यलं नाही भाऊ,” तो पहिल्याच होलवर म्हणाला होता. “मी कवाचाच बाहेर आहो. फक्त घरच्यांना सांगाले चारी दिवस खेळून राह्यलो.”

चौदाव्यावर माझी पुन्हा एक चिप फसली. सतराव्याच्या टीवर, पहिला शॉट मारायच्या जागेवर, पोचलो तेव्हा गाडीतून फिरणारा अधिकारी पहिल्या तिसांत यायला जास्तीत जास्त किती शॉट चालतील तो आकडा सांगून गेला. मी मनात मोजलं. हातात एक शॉट शिल्लक. राहिलेल्या दोन होलांत मिळून एकच चूक माफ, दुसरी झाली की कार्ड गेलं. ऊन मी म्हणत होतं.

सतरावा होल छोटा. एका शॉटात हिरवळीवर जायचं, दोनांत आत घालायचं. माझा पहिला शॉट डावीकडं गेला आणि हिरवळीच्या अलीकडं गवतात थांबला. पुन्हा चिप! देव माझ्यावर दात धरून होता. प्रफुल्लचा चेंडूही माझ्या चेंडूच्या मागंच पडला. ऋत्विकचा मात्र सरळ झेंड्याजवळ. तो पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिकडं गवत कापायचं यंत्र घरघरत होतं.

“बापू, वेज.”

बापूनं दिली. मी मनगट आवळून धरलं, इतकं की कोपर दुखलं. झटका आलाच. चेंडू जेमतेम हिरवळीच्या कडेला टेकला. तिथून दोन शॉटांत आत गेला तरी एक चूक झालीच. शिल्लक संपली होती. आता अठराव्यावर एकही चूक नको.

मी पुढं जाऊन आपल्या चेंडूपाशी बसलो. बापू बॅग घेऊन मागंच उभा राहिला, प्रफुल्लच्या शेजारी, माझ्यापासून वीसेक पावलांवर. प्रफुल्लनं चिप मारली. फसली. पुन्हा मारली. पुन्हा फसली. हुबेहूब माझ्यासारखी, पातं मातीत आणि चेंडू जागच्या जागी. आपलं व्यंग दुसऱ्याच्या अंगावर बघायला फार वाईट वाटतं.

प्रफुल्ल रडवेला झाला. त्यानं बापूकडं तोंड केलं.

“काय चुकून राह्यलं माह्यं, काका? सांगा ना जी.”

गोल्फमध्ये खेळाडूनं सल्ला विचारायचा तो फक्त आपल्या कॅडीला. दुसऱ्याला विचारलं तर विचारणाऱ्याला दोन शॉट दंड. दुसऱ्याला सांगितलं तर सांगणाऱ्यालाही दोन. आणि कॅडीनं सांगितलं तर तो दंड कॅडीला नाही, त्याच्या खेळाडूला. बापूनं तोंड उघडलं की माझे दोन शॉट गेले.

बापूनं लगेच तोंड उघडलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. चार महिन्यांत मैदानावर पहिल्यांदा त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो प्रफुल्लकडं वळला.

“मनगट मोडू नको,” बापू म्हणाला. “चेंडू उजव्या पायाकडं घे. सगळं वजन डाव्या पायावर टाक. हात चेंडूच्या पुढं ठेव अन् शेवटपर्यंत पुढंच राहू दे. अंगणात खराटा मारतो ना, तसं खांद्यातनं मार. खराट्याला कुणी मनगटाचा झटका देतं का? चेंडू उचलायला जाऊ नको, तो त्याचा त्याचा उचलतो. अन् चेंडू वर उडवणारी वेज कशाला घेतो? आठ नंबरचा क्लब घे, घसरू दे.”

बापू मैदानावर कधी मोठ्यानं बोलत नाही. खेळाडूच्या कानापुरतं बोलणं हीच कॅडीची कला. त्या दिवशी वीस पावलांवर मला शब्द न् शब्द ऐकू आला.

प्रफुल्लनं आठ नंबर काढला. मारला. चेंडू सुरेख घसरत झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. “वा जी काका!” तो ओरडला आणि मग एकदम त्याचा हात तोंडावर गेला. त्यालाही आठवलं होतं.

पलीकडं ऋत्विक हातमोजा काढत होता. यंत्र घरघरत होतं. त्यानं काही ऐकलं नव्हतं.

मी दोन शॉटांत चेंडू आत घातला. ऋत्विकनं विचारलं, “चार ना?” मी मान हलवली. हिरवळीवरून उतरताना प्रफुल्ल माझ्या कानाशी आला. “भाऊ, लय मोठी चुकी झाली माह्यी. तोंडातून निंगून गेलं.” मी चालत राहिलो. बापू बॅग घेऊन दहा पावलं पुढं चालला होता. त्याच्या पाठीकडं बघून मला इतका संताप आला की वाटलं, बॅग हिसकावून घ्यावी आणि म्हणावं, जा घरी! दुसऱ्याचं पोर सुधारायला निघालाय, स्वतःच्या पोराचं कार्ड घालवून!

अठरावा होल लांबलचक, पाच शॉटांचा. दंड धरला नाही तर पाचांत आत घातला की कार्ड. दंड धरला तर तीनांत घालायला हवा, आणि ते काही माणसाचं काम नव्हे. रागाच्या भरात मी पहिला शॉट असा हाणला की तसा आयुष्यात नाही हाणला. दुसराही. चेंडू हिरवळीच्या उजव्या कडेबाहेर बारा पावलांवर. पुढं काय, तर चिप!

मी हात पुढं केला. “बापू…”

वेज म्हणणार होतो. जीभ अडली. बापू टॉवेल हातात घेऊन उभा होता, नजर झेंड्यावर.

“आठ नंबर,” मी म्हणालो.

बापूनं तो पुसला आणि मूठ माझ्याकडं करून दिला. चेहऱ्यावर काही नाही. मी चेंडू उजव्या पायाकडं घेतला. वजन डावीकडं टाकलं. हात पुढं. लहानपणी शाळेआधी बापूबरोबर नऊच्या नऊ ब्राऊन झाडायचो, त्या खराट्याचं वजन खांद्याला आठवलं. मारला. मनगट हललंच नाही! चेंडू टुणकन उतरला, घसरत गेला, भोकाच्या काठावरून फिरला आणि वीतभर पुढं थांबला. आणखी जरासा वळला असता तर आतच होता. चौथ्या शॉटात मी तो आत ढकलला.

कडेला उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋत्विकनं हात मिळवला. “साळवे, एका शॉटनं आत! अभिनंदन.”

दंड न धरता एका शॉटनं आत. धरला तर एका शॉटनं बाहेर.

स्कोअर द्यायचं टेबल तंबूत होतं. मागं बोरकर मॅडम, चष्म्यावरून बघणाऱ्या. “सावकाश तपासा,” त्या म्हणाल्या. “सही करून कार्ड माझ्या हातात आलं की मग देवाचा बाप आला तरी बदल नाही.”

ऋत्विकनं माझं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. सतराव्यासमोर चार, अठराव्यासमोर चार. खाली त्याची सही. माझ्या सहीची जागा रिकामी. प्रफुल्ल शेजारच्या खुर्चीवर सरकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, “भाऊ, मी कोणाले सांगत नाही. लिमयेनं ऐकलं नाही. माह्ये पाचच लिहा, तुमचे चार राहू द्या. काकांनी त माह्यं भलंच केलं, पाप थोडंच केलं?”

पेन्सिल माझ्या हातात होती. टोक कागदाला टेकत नव्हतं. शेड डोळ्यांपुढं आली. सगळ्यात मागं मी. प्रोसाहेब, सरका जरा. मग वाटलं, मी काय केलं? मी तर कुणाला काही सांगितलं नाही. ज्यानं सांगितलं तो तिथं दोरीपलीकडं उभा आहे, आणि त्याला काही लिहायचं नाही.

मी उठलो. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मी तंबूबाहेर दोरीपाशी गेलो. बापू माझे क्लब एकेक पुसून बॅगेत घालत होता.

“बापू.”

“हां.”

चार महिने अडलेले शब्द शेवटी निघाले.

“काय करू?”

बापूचा हात थांबला. त्यानं आठ नंबरचं पातं पुन्हा एकदा पुसलं आणि मग ज्या आवाजात तो साहेबांना ‘एकशे चाळीस, वारा समोरून’ सांगायचा त्याच आवाजात, फक्त माझ्या कानापुरतं, म्हणाला, “दोन लिही.”

मी आत गेलो. चारावर काट मारून सहा केले. प्रफुल्लच्या कार्डावर पाचाचे सात केले. त्यानं निःश्वास सोडला आणि म्हणाला, “लिहा बापा. खरं हाये ते.” ऋत्विक बघतच राहिला. काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“कुणी तक्रार केली होती का?”

“नाही.”

“मग?”

“माझ्या कॅडीला विचारलं,” मी म्हणालो आणि सही केली.

तासाभरानं यादी लागली. मी एका शॉटनं बाहेर होतो.

मैदानाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती आणि समोर उघडं माळरान. स्टँडकडं जाणारी बस अर्ध्या तासानं होती. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. बापू बशीत चहा ओतून पीत होता, जसं काही झालंच नाही. मी माझा चहा तसाच ठेवला.

“तुला नियम माहीत होता ना?” मी विचारलं.

“व्हता.”

“सगळ्या दुनियेला नियम शिकवणारा तू! मग?”

“त्यानं विचारलं.”

“आणि माझं कार्ड? मी रांगेत शेवटी उभा राहू का आता?”

“राहा की. मीबी एकदा शेवटीच उभा व्हतो.” त्यानं बशी खाली ठेवली. “कार्ड दर वर्षी देतात, दिगा. हात एकदा गेला की गेला. तुझा निघाला व्हता. चार महिने बघत व्हतो.”

“मग सांगायचं होतंस!”

“तू विचारलं नाहीस.” तो शांतपणे म्हणाला. “तू विचारलं असतंस तर फुकट व्हतं. एकबी शॉट लागला नसता.”

मग मला सतराव्यावरचा त्याचा आवाज आठवला आणि मी पुन्हा उसळलो.

“आणि एवढ्या मोठ्यानं का बोललास? तो तर तुझ्या शेजारी उभा होता.”

बापूनं मिशीवरचा चहा पुसला आणि उलट मलाच विचारलं.

“तू हाक का नाय मारलीस?”

“काय?”

“त्यानं मला विचारलं तवा मी तुझ्याकडं बघत उभा व्हतो. नुसतं ‘बापू’ म्हणाला असतास तर मी गप बसलो असतो. तुझे दोन शॉट वाचले असते. मी थांबलो व्हतो रं तुझ्यासाठी. तू हाक का नाय मारलीस?”

अठरा वर्षं झाली याला. कार्ड मला तिसऱ्या वर्षी मिळालं. दोन वर्षं रांगेच्या शेपटाला उभा राहिलो, ‘प्रोसाहेब’ही ऐकून घेतलं. आज पोटापाण्यासाठी लोकांना हाच खेळ शिकवतो, आणि सतराव्या होलची गोष्ट रंगवून सांगतोही. लोक माझ्या इमानदारीला वाहवा देतात. पण बापूनं विचारलेला तो प्रश्न मी गोष्टीतून गाळतो. कारण त्या क्षणी माझं तोंड उघडलं होतं. हाक अगदी दातांपर्यंत आली होती. एक शब्द, दोन अक्षरं, आणि कार्ड माझं होतं. नियम मला बापूइतकाच पाठ होता.

“ऐकायचं होतं,” त्या बाकड्यावर मी बापूला म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “काय चुकतंय ते मला ऐकायचं होतं.”

बापूनं मान हलवली. बस्स, एवढंच. डोळ्यांत पाणी माझ्या आलं, त्याच्या नाही.

मी उठलो. बॅगेतून आठ नंबर काढला, तीन चेंडू काढले आणि रस्त्यापलीकडं माळावर टाकले. टपरीवाला बघायला लागला. बघू दे म्हटलं.

“बापू,” मी हाक मारली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशी. “ती अठराव्याची चिप भोकाच्या काठावरून का फिरली? काय चुकलं?”

बापूनं बशी बाजूला सारली. धोतराचा सोगा खोचला, रस्ता ओलांडून आला आणि आल्या आल्या माझ्या डाव्या पायावर आपला पाय ठेवून जोरानं दाबला.

“हितं वजन कमी पडलं. अन् मान आधी वर केलीस, आत गेला का नाय बघायला. आणखी सांगतो. अकराव्यावर काय केलंस आठवतं? हां. अन् काल सहाव्यावर? अन् परवा, पहिल्याच होलवर…”

चार महिन्यांचं सगळं त्यानं साठवून ठेवलं होतं, होलवार, दिवसवार. बस आली आणि निघून गेली. आम्ही साडेसहाच्या गाडीनं गेलो.